क्षमा स्वस्त कोणी केली?

ख्रिस्ती धर्मावर आपल्या सुशिक्षित समाजात जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील एक इतका रुळलेला आहे की तो घेणाऱ्यास पुराव्याची गरज वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यासही तो मागावासा वाटत नाही. ख्रिस्ती माणसाने हवे ते पाप करावे, मग दोन अश्रू ढाळून ‘चुकलो’ म्हणावे, आणि स्वर्गाचे दार आपल्यापुरते उघडले असे समजावे. आमच्याकडे मात्र कर्माचा हिशेब कोणालाच चुकत नाही, असा तो आक्षेप. व्याख्यानमालांतून तो कानी पडतो, धर्मतुलनेच्या लेखांतून वाचावयास मिळतो, आणि दिवाणखान्यातील गप्पांत तर तो सिद्धान्त म्हणूनच वावरतो. यातील मौज अशी की, ज्यांच्यावर हा आक्षेप घ्यावयाचा, त्या ख्रिस्ती मंडळींतही असे प्रचारक आहेत की जे हीच गोष्ट अभिमानाने सांगतात. अमुक दिवशी अमुक वेळी हात वर केला, त्याच क्षणी तारण झाले, आता करावयाचे काही उरले नाही! एक पक्ष ज्याला लाच म्हणतो त्यालाच दुसरा शुभवर्तमान म्हणतो. मूल्यासंबंधी भांडण आहे, पण वस्तुस्थितीसंबंधी दोघांचे एकमत आहे.

माझा वाद या एकमताशी आहे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पाच शतकांत पश्चात्ताप, कृपा आणि तारण यांच्या परस्परसंबंधावरून जे वाद पेटले, मंडळ्या फुटल्या, बिशपांनी बिशपांना बहिष्कृत केले, त्या सर्व धामधुमीत ‘दोन अश्रूंत मोक्ष’ हा पक्ष स्वतःचा म्हणून मांडणारा एकही आचार्य मला आढळलेला नाही. तसा आरोप प्रतिपक्षावर करणारे पुष्कळ आढळतात.

आरोप, अर्थात, जुना आहे. पौलाने रोम येथील मंडळीस इ. स. ५७ च्या सुमारास जे पत्र लिहिले, त्यातच, बरे व्हावे म्हणून आपण वाईट करावे असे आम्ही शिकवतो अशी काही जण आमची निंदा करतात, अशी त्याची तक्रार आहे. आणि कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न स्वतःच उभा करून तो त्याचा संतापाने निषेध करतो. पुढे १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या ग्रीक पंडिताने ख्रिस्ती धर्मावर एक सविस्तर हल्ला लिहिला. इतर पंथांचे दीक्षागुरू शुद्ध हातांच्या माणसांना बोलावतात, हे ख्रिस्ती मात्र चोर, दरोडेखोर आणि विषप्रयोग करणाऱ्यांना हाका मारतात, असा त्याचा टोमणा होता. सत्तर वर्षांनी ओरिजेनने त्याला उत्तर दिले, ते मोठे मार्मिक आहे. आम्ही पाप्याला बोलावतो ते रुग्णाला वैद्याने बोलवावे तसे; दीक्षेच्या गूढांत मात्र आम्ही त्याला बरा झाल्यावरच घेतो, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. चौथ्या शतकात ज्युलियन बादशहाने आपल्या एका प्रहसनवजा लेखनात हाच टोमणा कॉन्स्टंटाइनच्या तोंडावर फेकला. व्यभिचारी असो वा खुनी असो, या पाण्यात बुडी मारा आणि स्वच्छ व्हा, अशी येशूची दवंडी त्याने तेथे पिटवली आहे. तेव्हा आमच्या आक्षेपकांनी काही नवे शोधून काढले आहे असा त्यांचा समज असल्यास तो त्यांनी सोडावा. त्यांचे पूर्वज चांगले नामांकित आहेत, आणि त्यांना उत्तरेही मिळालेली आहेत.

गोंधळाचे पहिले मूळ शब्दात आहे. मराठी बायबलात येशूच्या प्रचाराचा पहिला शब्दच ‘पश्चात्ताप’ असा येतो. पश्चात्, म्हणजे मागाहून, होणारा ताप. हा शब्द ऐकताच आपल्यासमोर जळणारे मन उभे राहते. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ आहे, आणि त्यात ताप कोठेच नाही. ‘नूस’ म्हणजे मन किंवा बुद्धी. त्या मनाचा पालट म्हणजे मेटानोइया. त्याच्याही मागे हिब्रू संदेष्ट्यांचा ‘शूब’ हा धातू उभा आहे, आणि त्याचा अर्थ आहे मागे फिरणे, घरी परतणे. केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत शतकानुशतके वापरल्या गेलेल्या सिरियाक भाषेच्या बायबलात या ठिकाणी ‘तूबू’ हे रूप आहे, म्हणजे ‘फिरा’. त्याच सेमिटिक धातूचे अरबी भावंड म्हणजे ‘तौबा’. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींच्या कानांवर ‘तोबा, तोबा’ हे उद्गार रोज पडतात, परंतु त्यात ‘मी परत फिरलो’ अशी कबुली दडलेली आहे हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

भाषांतरकारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. भूदानाच्या काळात घरोघरी पोहोचलेला ‘हृदयपरिवर्तन’ हा शब्द त्यांच्या हाताशी असता तर त्यांनी कदाचित तो वापरलाही असता. पण शब्दामुळे झालेले नुकसान मोजले पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा इस्कर्योताला आपल्या कृत्याची टोचणी लागते, तो ती तीस नाणी परत नेऊन देतो आणि स्वतःला फास लावून घेतो. तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘मेटानोइया’ हा शब्द नाही, निराळा आहे. नुसती हळहळ, खंत असा त्याचा अर्थ आहे. सतराव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने दोन्हींकडे एकच शब्द वापरून भेद पुसून टाकला. ताप हाच निकष धरला तर यहूदाचा ताप पेत्राच्या तापाहून कमी नव्हता. दोघांनीही गुरूचा घात केला होता, एकाने विकून आणि दुसऱ्याने नाकारून. पेत्र रडला आणि परत आला. यहूदा परत आला नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल हा भेद स्पष्ट शब्दांत करतो: एक दुःख मनाच्या पालटाकडे नेते, दुसरे मरणाकडे. अश्रू म्हणजे अद्याप पश्चात्ताप नव्हे, ही गोष्ट आक्षेपकांनी ख्रिस्ती लोकांना शिकवावयाची नाही. ती त्यांच्या सर्वांत जुन्या कागदांत लिहिलेली आहे.

दुसरा प्रश्न क्रमाचा आहे. पश्चात्ताप आधी आणि कृपा मागाहून, की उलट? सामान्य समजूत अशी की, माणसाने पश्चात्तापाची किंमत मोजावी आणि देवाने कृपेचा माल द्यावा. शुभवर्तमानांतील कथा वाचल्या तर हा बाजार तेथे दिसत नाही. जक्कय हा यरीहो गावचा प्रमुख जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावून त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो, तेव्हा जक्कयाने अद्याप एका शब्दानेही काही कबूल केलेले नाही. कबुली पाहुणचारानंतर येते. पण येते ती अश्रूंच्या रूपाने नव्हे. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट, असा तो चोख व्यवहार आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तेच. मुलाने वाटेत एक भाषण तयार केलेले असते, त्याचा शेवट ‘मला मोलकऱ्यासारखे ठेवा’ असा करावयाचा असतो. परंतु बाप दुरूनच त्याला पाहून धावत येतो, आणि त्या शेवटच्या वाक्यापर्यंत मुलगा पोहोचतच नाही. कृपा आधी धावली. तथापि मुलगा उठून घराकडे निघाला नसता तर ती गळामिठी कोणाला पडली असती? या कथांत कृपा ही पश्चात्तापाची मजुरी नाही, आणि पश्चात्ताप हा कृपेमुळे अनावश्यकही ठरलेला नाही. माणसाच्या आयुष्यात शिरलेली कृपा ज्या रूपाने दिसू लागते, त्या रूपाचे नाव पश्चात्ताप. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तर देवाने परराष्ट्रीयांनाही पश्चात्तापाचे दान दिले, असेच शब्द येतात. आणि रोमच्या मंडळीने ९६ च्या सुमारास करिंथच्या मंडळीस धाडलेल्या पत्रात, जे क्लेमेंटच्या नावाने प्रसिद्ध आहे, ख्रिस्ताच्या रक्ताने साऱ्या जगाला जे मिळवून दिले त्याला ‘पश्चात्तापाची कृपा’ असा जोडशब्द योजलेला आहे. विसाव्या शतकात टॉरन्स या स्कॉटिश धर्मशास्त्रज्ञाने १९४८ साली एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की, प्रेषितांच्या लगतच्या पिढ्यांतील लेखक पौलाची कृपा विसरले आणि नीतिनियमांच्या आहारी गेले. विद्वत्ता मोठी, पण या दोन शब्दांच्या जोडीचे समाधानकारक उत्तर त्यांच्या प्रतिपादनातून मला मिळालेले नाही.

मात्र येथून पुढे इतिहास अवघड होतो, आणि दोन्ही पक्ष येथेच डोळे मिटून घेतात. बाप्तिस्म्याने मागचे सारे धुऊन निघाले, हे ठीक. परंतु बाप्तिस्म्यानंतर ज्याने खून केला, व्यभिचार केला, किंवा दैवतांपुढे बळी देऊन धर्म नाकारला, त्याचे काय? पहिल्या शतकांतील ख्रिस्ती मनाला छळणारा प्रश्न हा होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, एकदा प्रकाश लाभून जे पतित झाले त्यांचा पुन्हा पालट होणे अशक्य आहे, असे कठोर विधान आहे. दुसऱ्या शतकात रोममधील हर्मास याने आपल्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात थोडी फट ठेवली: आणखी एकदा, परंतु एकदाच. हा ग्रंथ काही मंडळ्यांत इतका मान्य होता की सिनाय येथील सुप्रसिद्ध चौथ्या शतकातील बायबलच्या हस्तलिखितात तो नव्या कराराच्या पुस्तकांबरोबर नकलून ठेवलेला आहे. २०३ च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने याच दुसऱ्या पश्चात्तापाला जहाज फुटल्यावर हाती लागलेल्या फळीची उपमा दिली. ती फळी धरावयाची म्हणजे काय, हेही त्याने सांगितले आहे. गोणपाट नेसावयाचे, राखेत बसावयाचे, साधे अन्न घ्यावयाचे, उपास करावयाचे, आणि ज्या मंडळीत आपण मान उंच करून वावरलो त्याच मंडळीच्या वडिलांच्या पायांशी सर्वांदेखत लोळण घ्यावयाची. आज ज्या लाकडी कपाटात बसून कानात पाप सांगितले जाते असे चित्र आपण डोळ्यांपुढे आणतो, ते कपाट सोळाव्या शतकात मिलानच्या कार्लो बोरोमेओ या आर्चबिशपाच्या प्रयत्नाने रूढ झाले. पहिल्या शतकांत आडोसा नव्हता.

तर्तुलियनला पुढे हीही फळी फार रुंद वाटू लागली. व्यभिचाराची क्षमा करणाऱ्या एका बिशपावर त्याने विषारी उपरोधाने भरलेला ग्रंथ लिहिला. रोममध्ये कॅलिस्टस या बिशपावर हिप्पोलितसने असेच तोंडसुख घेतले. कॅलिस्टस म्हणे नोहाच्या तारवात शुद्ध-अशुद्ध दोन्ही जातींचे प्राणी होते असा दाखला देऊन पाप्यांना आत घेतो! ‘स्वस्त क्षमा’ ही शिवी अशी ख्रिस्ती लोकांनीच एकमेकांना प्रथम हासडलेली आहे.

या वादाची खरी कसोटी लागली ती २५० साली. डेसियस बादशहाने फर्मान काढले की, साम्राज्यातील सर्वांनी दैवतांना बळी अर्पावा, नैवेद्य चाखावा आणि नेमलेल्या पंचांकडून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळिसांवर दाखले सापडलेले आहेत. त्यांवर अर्जदाराचे नाव आहे, गाव आहे, मी दैवतांना नेहमीच बळी देत आलो आहे अशी कबुली आहे, आणि साक्षीदारांच्या सह्या आहेत. सरकारी कागदाची ती ओळखीची, रुक्ष भाषा वाचताना अंगावर काटा येतो. कार्थेजमध्ये लोक धरून आणण्याची वाटही न पाहता चौकात धावले, असे तेथील बिशप सिप्रियन लिहितो. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी उद्या या म्हटले, तरी आजच उरकून घ्या अशी काहींनी गळ घातली. आईबापांनी कडेवरची मुलेसुद्धा वेदीपुढे नेली. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, काहींनी लाच देऊन बळी न देताच दाखला मिळवला. याउलट काहींनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले, छळले गेले, मेले.

वादळ ओसरू लागल्यावर हे सारे पतित दारात येऊन उभे राहिले. आता यांना आत कोणी घ्यावयाचे, आणि कोणत्या अधिकाराने? प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. ज्याच्या भावाने नकार देऊन प्राण गमावला, त्याने, दाखला घेऊन सुखरूप राहिलेल्या शेजाऱ्याबरोबर एका भाकरीचा वाटा घ्यावयाचा होता. तुरुंगातील धर्मवीरांनी एक सोपी वाट काढली: आपण सोसले त्या पुण्याईवर ते पतितांना शिफारसपत्रे देऊ लागले. सिप्रियन सांगतो की, रोज हजारोंनी अशी पत्रे निघत. काही तर ‘अमुक आणि त्याची माणसे’ अशा मोघम नावांवर असत, म्हणजे ‘त्याच्या माणसां’त वीस बसवा की तीस बसवा! सरकारी दाखल्याने धर्म सोडला आणि धर्मवीराच्या दाखल्याने परत मिळवला, असा हा प्रकार होऊ लागला. आमच्या आक्षेपकांना हवा तो पुरावा येथे आहे खरा. परंतु त्यांनी पुढचे पानही उलटावे. सिप्रियनने हे चालू दिले नाही, आणि त्यासाठी धर्मवीरांचा रोष पत्करला. त्याची बाजू नैतिकदृष्ट्या दुबळी होती, कारण छळाच्या वेळी तो स्वतः लपून राहिला होता, आणि हे त्याच्या तोंडावर फेकले गेले. २५१ सालच्या कार्थेजच्या परिषदेने ठरवले ते असे: ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांचे प्रत्येकाचे प्रकरण स्वतंत्र तपासून त्यांना घ्यावे; ज्यांनी बळी दिला त्यांनी पश्चात्तापाच्या अवस्थेत राहावे आणि मरणकाळी त्यांना सहभागिता द्यावी. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा, जे पश्चात्तापात टिकून राहिले त्या सर्वांना परिषदेने आत घेतले. त्यामागचा विचार मला थोर वाटतो: उद्या ज्यांना रक्त सांडावयास सांगावयाचे, त्यांना आज ख्रिस्ताच्या प्याल्यापासून दूर कसे ठेवावयाचे? सिप्रियन स्वतः २५८ मध्ये शिरच्छेदास सामोरा गेला.

या पत्रव्यवहारात एक लहानसा मजकूर आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सेलेरिनस नावाचा एक धर्मवीर रोमहून आपल्या कार्थेजच्या मित्राला, पतित झालेल्या दोन भगिनींसाठी रदबदली करतो. त्यांच्यापैकी एक वेदीच्या वाटेला लागली होती आणि पैसे चारून अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती. आता त्या काय करतात? कार्थेजहून परागंदा होऊन बंदरात उतरणाऱ्या धर्मबांधवांना त्या शहरात आणतात, आणि अशा पासष्ट जणांची सेवा त्यांनी चालवली आहे. पश्चात्ताप या शब्दाचा अर्थ त्या काळी कसा होता, हे समजून घेण्यास मला कोणत्याही प्रबंधापेक्षा हे पासष्ट पाहुणे अधिक उपयोगी वाटतात.

रोममध्ये नोव्हेशियनने विरोधी पक्ष घेतला. त्याच्यावर अन्याय होऊ नये. पतिताला देव क्षमा करणारच नाही, असे त्याच्या पंथाचे म्हणणे नव्हते. पतिताने जन्मभर पश्चात्ताप करावा, क्षमेचे काय ते देव पाहील. मंडळीला मात्र ती उच्चारण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकावयास हे विनम्र वाटते. पण त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, कृपा आकाशात राहील आणि पृथ्वीवर दार बंद राहील. ज्या कृपेला कोणाच्याही पंक्तीत पाट मिळत नाही, ती कृपा पतिताने ओळखावी कशी? मोठ्या मंडळीने नोव्हेशियनला नाकारले ते शिथिलतेच्या लोभाने नव्हे, या प्रश्नामुळे. त्याचा ‘शुद्धां’चा पंथ तरीही काही शतके टिकून राहिला. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेत त्या पंथाचा बिशप अकेसियस याने हे कडक मत सांगितले, तेव्हा, मग शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ, असे कॉन्स्टंटाइन बादशहा म्हणाल्याची हकीकत पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस देतो. त्याच परिषदेने लिसिनियसच्या राज्यात विशेष सक्ती नसताही धर्म सोडणाऱ्यांसाठी मुदत ठरवली: ३ वर्षे श्रोत्यांत, ७ वर्षे साष्टांग घालणाऱ्यांत, २ वर्षे प्रार्थनेत उभे राहावयाचे पण प्रसाद घ्यावयाचा नाही. एकूण १२ वर्षे. आणि ही सौम्य पक्षाची शिक्षा! बेसिलच्या नियमांत व्यभिचाराला १५ आणि हेतुपुरस्सर केलेल्या खुनाला २० वर्षे आहेत. ‘दोन अश्रू’ म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

मग स्वस्त क्षमा कोठेच नव्हती काय? होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कॉन्स्टंटाइनने ३२६ साली स्वतःच्या मुलाला, क्रिस्पसला, ठार करविले; त्यानंतर लवकरच त्याची राणी फॉस्टा हिचाही अंत झाला; आणि ३३७ मध्ये, मरणशय्येवर, त्याने बाप्तिस्मा घेतला. यार्देन नदीत तो घेण्याची आपली इच्छा होती, असे त्याने सांगितल्याचे त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे. असेलही. पण तो एकटा नव्हता. ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला असता बाप्तिस्मा मागत होता. दुखणे उतरताच तो पुढे ढकलण्यात आला, कारण त्या स्नानानंतरचे पाप अधिक जड होईल. अँब्रोझ ३७४ साली मिलानचा बिशप म्हणून निवडला गेला, तेव्हा त्याचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. चौथ्या शतकातील भल्या घरांत ही रीतच पडून गेली होती. आता या रीतीचे कारण काय, हे पाहावे. बाप्तिस्म्यानंतर पश्चात्ताप एकदाच, तोही सार्वजनिक, तोही पंधरा-वीस वर्षांचा. अशी व्यवस्था केल्यावर हिशेबी माणूस दुसरे काय करणार? तो बाप्तिस्माच मरणापर्यंत लांबवणार. शिथिल बिशपांनी ही पळवाट काढली नाही. कडक बिशपांनी दार इतके अरुंद केले की लोक उंबरठ्याबाहेरच जन्म काढू लागले, आणि शेवटच्या घटकेस आत उडी घेऊ लागले. क्षमा स्वस्त कोणी केली, या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. ती कृपेच्या शिकवणीने केली नाही, कृपेवर विश्वास न ठेवणाऱ्या कठोरतेने केली. स्वतः बेसिल आणि त्याचा भाऊ, निसाचा ग्रेगरी, या लांबणीविरुद्ध व्यासपीठावरून कळवळून बोलले. पण त्याच बेसिलच्या नियमांतील ते २० वर्षांचे कलम या लांबणीला खतपाणी घालीत होते, हे त्याला दिसले की नाही, कोण जाणे. तिसऱ्या शतकातील सिरियातील ‘दिदास्कालिया’ हा ग्रंथ या दृष्टीने किती शहाणा! बिशपाने वैद्यासारखे वागावे, मनश्शे राजासारख्या महापातक्याचीही प्रार्थना देवाने ऐकली हे आठवावे, आणि परतणाऱ्यास काही आठवड्यांच्या उपवासानंतर घरात घ्यावे, असा त्याचा सूर आहे. दुर्दैवाने मोठमोठ्या परिषदांनी तो उचलला नाही.

‘आमच्याकडे कर्माचा हिशेब चुकत नाही’ या वाक्याबद्दलही एक शब्द बोलला पाहिजे. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड, जो १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा विस्तार पाहावा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापाचे कथन, अनुताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय यांनी माणूस पापमुक्त होतो असे स्वच्छ सांगितलेले आहे. भागवतातील अजामिळ मरणाच्या दारी मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि यमदूत मागे फिरतात. ही कथा सांगताना कीर्तनकार पुष्कळदा येथेच थांबतात. भागवत मात्र थांबत नाही. वाचलेला अजामिळ स्वतःच्या आयुष्याकडे पाहून कळवळतो, घरदार सोडून गंगाद्वारी जातो आणि साधनेत उरलेले आयुष्य घालवतो. कृपा आधी, पालट मागून. ज्यांच्या घरात अजामिळ आहे त्यांनी जक्कयाला हसू नये.

उरले ते ‘क्षणात तारण’वाले. त्यांचा आधार ऑगस्टीन, कारण कृपेचा सर्वांत मोठा आचार्य तो. ब्रिटनहून आलेला पेलेजियस हा तपस्वी रोममधील ख्रिस्ती उच्चभ्रूंचे सैल जिणे पाहून अस्वस्थ झाला होता. जे देवाने आज्ञापिले ते करण्याचे बळही देवानेच द्यावे, अशा अर्थाची ऑगस्टीनची प्रार्थना त्याने ऐकली, आणि तो खवळला. अशाने माणूस जबाबदारी टाकून देईल, अशी त्याला भीती वाटली. भीती खोटी नव्हती. परंतु ऑगस्टीनचे म्हणणे असे होते की, ज्या इच्छाशक्तीला हुकूम करावयाचा, तीच आजारी आहे. लंगड्याला चाल म्हणून ओरडण्यात न्याय कसला? ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचा पक्ष त्याज्य ठरवला. पुढे ही कृपा कोणाला मिळावयाची हे देवाने आधीच गुप्तपणे ठरवलेले आहे, या टोकापर्यंत ऑगस्टीन गेला. तेथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही, आणि दक्षिण गॉलमधील कॅसियनसारखे साधूही गेले नाहीत. ५२९ च्या ऑरेंजच्या परिषदेने, आरंभ कृपेचाच, हे मान्य केले. पण देवाने कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे, हे म्हणणे धिक्कारले. या साऱ्या वादात, कृपा मिळाली म्हणून पश्चात्ताप संपला, असे कोणीही म्हटलेले नाही. ऑगस्टीनने तर नाहीच.

४३० साली वँडल टोळ्यांनी हिप्पो शहराला वेढा घातला असता तो अंथरुणाला खिळला. त्याचा शिष्य आणि चरित्रकार पोसिदियस याने त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहवून घेऊन ऑगस्टीनने ती बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावविली होती. वैद्य येत तेव्हा आणि जेवण आणले जाई तेव्हा, याव्यतिरिक्त कोणी आत येऊ नये, असे त्याने शेवटच्या सुमारे दहा दिवसांत बजावले होते. आणि तो ती स्तोत्रे वाचीत रडत असे. बाप्तिस्मा होऊन त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती.